दहावीचं पुस्तक सोबत दे

पुनावळे,
आषाढ शुद्ध पंचमी

ती. सौ. ताईस,


पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुढं गेली आणि इकडचे रस्ते पुन्हा गाड्यांनी भरले. त्याच गडबडीत तुझा फोन आला. तुझ्या धाकटीचं ऑप्टोमेट्रीला ठरतंय हे ऐकून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलंस, की पहिले काही आठवडे ‘ब्रिज कोर्स’ असतो म्हणतात, तो कच्च्या मुलांसाठी का? चांगल्या मार्कांच्या पोरीनं त्यात कशाला बसायचं? तेव्हा भुयारी मार्गाच्या कोंडीत अडकलेल्या मला या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या वरच्या मजल्यावर ऑप्टोमेट्रीची दोन मुलं भाड्यानं राहतात. एक उदगीरचा, एक संगमनेरचा. नावं लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. उदगीरच्या मुलानं बारावीला जीवशास्त्र घेतलं आणि गणित दहावीनंतर सोडून दिलं. संगमनेरच्यानं गणित धरलं, जीवशास्त्राला रामराम केला. आता दोघं एकाच बाकावर बसतात, कारण या पदवीची दारं बहुतेक ठिकाणी दोन्ही गटांना उघडी असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवंच, त्याच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित. हा ‘किंवा’ प्रवेशाच्या अर्जावर चालतो. पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात मात्र भौमितिक प्रकाशशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र शेजारी-शेजारीच असतात, तिथं ‘किंवा’ नसतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी उदगीरचा मुलगा लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर एक नंबर लिहून खाली आला. अधिक 1.00, सिलिंडर उणे 2.00, अक्ष 180. हाच नंबर अधिक सिलिंडरमध्ये लिहायचा होता. चष्म्याच्या धंद्यात याला ट्रान्सपोझिशन म्हणतात आणि हे रोजचं काम आहे. गोल नंबरात सिलिंडर मिळवायचा, सिलिंडरचं चिन्ह उलटवायचं, अक्ष 90 अंशांनी फिरवायचा. उत्तर येतं उणे 1.00, अधिक 2.00, अक्ष 90. नियम त्याला तोंडपाठ होता. तो म्हणाला, “सर, उत्तर येतं, पण दोन्ही काचा एकच आहेत हे दिसत नाही.” मी काही बोलायच्या आत संगमनेरचा पुढं झाला. त्यानं त्या बिलावर एक फुली काढली, आडव्या रेषेवर अधिक 1 लिहिलं, उभ्या रेषेवर उणे 1. दोन्ही नंबर त्याच फुलीवर बसतात, हे उदगीरच्याला तेव्हा दिसलं. बारा वर्षं फिजिक्स शिकवतोय, पण एखाद्याचा चेहरा इतका पटकन मोकळा झालेला मी क्वचितच पाहिला.

आठवड्याभरात उलटा प्रकार झाला. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यात एकाखाली एक पाच थर, आणि सर्वांत आतला थर मेला तर तो पुन्हा भरून येत नाही. संगमनेरच्यासाठी ही नुसती अवघड नावांची यादी होती. पेशी म्हणजे काय, ऊती म्हणजे काय, इथूनच त्याला सुरुवात करावी लागली, आणि वर्गात कुणी तिथून सुरुवात करत नव्हतं. त्यांच्या कॉलेजात ब्रिज कोर्स नव्हता. एका मुलाचा प्रकाशशास्त्राचा पेपर राहिला, दुसऱ्याचा शरीररचनेचा. दोघंही आपापल्या गावी हुशार म्हणून ओळखली गेलेली मुलं.

दोन्ही शास्त्रं एकत्र का लागतात, हे एका उदाहरणावरून सांगतो. आपल्या डोळ्याची एकूण शक्ती सुमारे 60 डायॉप्टर. तिचा मोठा भाग, जवळजवळ दोन-तृतीयांश, कॉर्नियाचा आणि उरलेला आतल्या भिंगाचा. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागं साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. तो एका मिलिमीटरनं जास्त वाढला, तर चष्म्याचा नंबर उणे अडीच ते तीनच्या घरात जातो. गणिताचा विद्यार्थी हा आकडा काढून दाखवेल. पण डोळा लांबतो म्हणजे मागं दृष्टिपटल ताणलं जातं, पातळ होतं, क्वचित फाटतं, आणि जास्त नंबरच्या पेशंटच्या डोळ्याचा मागचा भाग तपासायलाच हवा, हे जीवशास्त्र समजल्याशिवाय कळत नाही. उद्या धाकटीच्या समोरच्या खुर्चीत कुणाची तरी आई बसलेली असेल. तिला अर्धं शिकलेला माणूस भेटून चालणार नाही.

गणित आणि जीवशास्त्र हे दोन पूल झाले. तिसरा पूल भाषेचा आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. धाकटीनं दहावीला ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हे दोन धडे मन लावून केलेत. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता, वृद्धदृष्टिता, नाभीय अंतर, भिंगाची शक्ती, कार्टेशियन चिन्ह संकेत, सगळं तिला येतं. कॉलेजात हेच मायोपिया, हायपरमेट्रोपिया, प्रेसबायोपिया, फोकल लेंग्थ होऊन येतं आणि पोरीला वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. रिफ्रॅक्शन या एका शब्दानं तर वरच्या मुलांच्या डोक्यात पहिले दोन महिने गोंधळ घातला होता. वर्गात त्याचा अर्थ अपवर्तन, आणि ओपीडीत ‘रिफ्रॅक्शन कर’ म्हणजे पेशंटचा नंबर काढ. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं, तर पुढचे कितीतरी तास वाचतात. आजीनं ज्याला ‘चाळिशी लागली’ म्हटलं, तेच प्रेसबायोपिया, एवढं कळलं तरी पोरगी मान वर करून वर्गात बसेल.

भाषेचा पूल दुसऱ्या बाजूनंही लागतो. चाकणच्या कारखान्यातला पन्नाशीचा फिटर तपासायला बसला आणि समोरच्या विद्यार्थ्याला मराठी येत नसेल, तर ‘पहिली काच बरी की दुसरी, की दोन्ही सारख्याच?’ या साध्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही. त्या फिटरला पुस्तकाच्या अंतरावर दिसून भागत नाही, हातभर लांबच्या मशीनवरचं माप वाचायचं असतं. ते त्याला विचारायला लागतं, आणि त्याच्या शब्दांत विचारायला लागतं. वाचता न येणाऱ्या आजीपुढं ई-चार्ट धरून ‘याची बोटं कुठल्या बाजूला आहेत, हातानं दाखवा’ असं म्हणावं लागतं. एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात 2019 साली सुरुवातीला महिनाभराचा फाउंडेशन कोर्स आला, त्यात स्थानिक भाषा, इंग्रजी आणि संगणक यांना जागा दिली गेली. डॉक्टर होणाऱ्यांना ज्याची गरज मान्य झाली, तो वर्ग ऑप्टोमेट्रीच्या मुलांना कमीपणाचा का वाटावा?

ब्रिज कोर्स आता कुणाच्या मर्जीवर राहू नये, असं मला मनापासून वाटतं. हे शिक्षण आता बरंच पुढं आलंय. 1958 च्या सुमारास अलिगढ आणि हैदराबादला ऑप्टोमेट्रीचं शिक्षण सुरू झालं, ते दोन वर्षांच्या डिप्लोमाचं होतं. 1985 साली चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या पुढाकारानं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री उभं राहिलं आणि चार वर्षांच्या पदवीची वाट रुळत गेली. तिची मांडणी तीन वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप अशी होती. आपल्याकडं धनकवडीला भारती विद्यापीठ आणि पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ इथं ही पदवी शिकवली जाते. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत बसवलं, आणि अशा व्यावसायिकाच्या पदवीला किमान 3600 तासांचं शिक्षण हवं असं ठरवलं. इतक्या तासांतले साठ-सत्तर तास पाया सारखा करायला दिले, तर काही बिघडत नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांनाही ब्रिज कोर्स हवा. त्यांचा हात नंबर काढायच्या रेटिनोस्कोपवर सफाईनं चालतो, पण 67 सेंटिमीटरवरून पाहिलं की दीड डायॉप्टर वजा का करायचा, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. एक भागिले 0.67, एवढंच आहे ते.

तेव्हा प्रवेशाच्या दिवशी फीची पावती घेताना काउंटरवर तीन गोष्टी विचारून घे. ब्रिज कोर्स किती तासांचा आहे, दोन्ही गटांची मुलं एकत्र बसवतात की वेगळी, आणि तो शिकवायला नियमित शिक्षक असतात की वरच्या वर्गातली मुलं. धाकटीचा गट जीवशास्त्राचा आहे. तिला त्रिकोणमिती, अधिक-उण्याची चिन्हं आणि व्यस्त संख्या एवढ्याचीच उजळणी लागेल. ते मी इथं घेईन. रविवारी ती हॉस्टेलवरून आमच्याकडं येऊ दे. वरची दोन्ही मुलं आता दुसऱ्या वर्षात आहेत, राहिलेले पेपर त्यांनी सोडवलेत, आणि धाकटीला शिकवायची त्यांची तयारी आहे.

आणि एक. तिचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक, भाग 1, रद्दीत गेलं नसेल तर तिच्या बॅगेत सगळ्यांत वर ठेव. गेलं असेल तर कळव, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत आणून ठेवतो.

भाऊजींना नमस्कार. धाकटीला अनेक आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ