अम्मीची पाठ आणि माझी लपवाछपवी

आमच्या सोलापूरच्या घरात दिवस अम्मीच्या फजरने सुरू होतो. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका पहाटे ती सजद्यातून उठेना. मी धावत जाऊन खांद्याला धरून उठवले. "उमर हुई, और क्या," म्हणत तिने मुसल्ला गुंडाळला आणि चहा ठेवायला गेली. आम्हीही वयच मानले.

पुढचे चार महिने तेल झाले, शेक झाला, मालिशवाली झाली, दुखणे थांबवायच्या गोळ्या झाल्या. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. हा आजार सुरुवातीला एक्स-रेत दिसतोच असे नाही, हे नंतर कळले. संध्याकाळी तिचे अंग कोमट लागायचे. अंथरुणावर पडल्यावरही पाठ ठणकायची. ब्लाउज ढिले झाले होते. हे सगळे मी पाहत होते, पण एकत्र जोडून पाहिले नव्हते. वर्गात मुलांना "नीट निरीक्षण करा" म्हणणारी मी!

मग एके दिवशी अंगणातून घरात येताना अम्मीच्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि तिला कळलेही नाही. त्या दिवशी मात्र मी घाबरले.

एमआरआय केला. पाठीतले दोन मणके आणि त्यांच्यामधली गादी जंतूंनी पोखरली होती. तिथे साचलेला पू मज्जारज्जूवर दाबत होता, म्हणून पायातली शक्ती जात होती. डॉक्टरांनी लगेच औषध दिले नाही. मणक्याला साध्या जिवाणूंचाही संसर्ग होतो. न उकळलेल्या दुधातून येणाऱ्या ब्रुसेलाचाही होतो. प्रत्येकाचे औषध वेगळे. म्हणून आधी सुईने तिथला नमुना काढला आणि तपासायला पाठवला. सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले. मणक्याचा टीबी. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून याला पॉट्स डिसीजही म्हणतात. इजिप्तच्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींमध्येही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. इतका जुना आजार, आणि आमच्या घरात त्याचे नाव घ्यायचीही चोरी!

डॉक्टरांनी धीर दिला. बहुतेक रुग्ण औषधानेच बरे होतात. पायांची कमजोरी वाढली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा कणा डळमळीत झाला तर ऑपरेशन लागते. अम्मीला पट्टा दिला, विश्रांती सांगितली. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे त्यांतली काही, एकूण किमान वर्षभर. औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळाली. पोषणासाठी तेव्हा दरमहा ५०० रुपये बँकेत यायचे; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. गोळ्यांमुळे लघवी केशरी झाली तेव्हा अम्मीला वाटले रक्तच जाते. तो औषधाचाच रंग असतो, हे आधी सांगितले असते तर ती रात्रभर रडली नसती. मात्र उलट्या होणे, भूक मरणे, डोळे पिवळे दिसणे असे काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवायचे, हे त्यांनी बजावून सांगितले होते.

आता माझी चूक सांगते. त्याच काळात धाकट्या बहिणीच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. मी सगळ्यांना सांगितले, "अम्मीची गादी सरकली आहे." गोळ्यांची चौकशी करायला येणाऱ्या आरोग्यसेविकेलाही म्हटले, "घरी येऊ नका, मीच येऊन सांगत जाईन." अम्मीला सांगितले, गोळ्या कुणासमोर काढू नकोस. तिच्या फुप्फुसांत काहीच नव्हते. अशा रुग्णासोबत राहिल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. मला ते ठाऊक होते. तरीही लपवले.

पाचव्या महिन्यात अम्मीची पाठ थांबली, ती हिंडू-फिरू लागली. मुलाकडचे पाहुणे येऊन-जाऊन होते. एका सकाळी हरभऱ्याची डाळ काढताना बरणीमागे न उघडलेल्या गोळ्यांची पाकिटे हाताला लागली. अकरा दिवसांची. मी चिडले. अम्मी शांतपणे म्हणाली, "तूच बोली ना, किसी को दिखना नको."

मला उत्तर सुचले नाही.

त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. अर्धवट घेतलेल्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात आणि मग उपचार फार अवघड होतात, असे ते म्हणाले. अल्लाहच्या कृपेने तशी वेळ आली नाही. संध्याकाळी मी आरोग्यसेविकेला फोन करून घरी बोलावले आणि मुलाकडच्यांनाही खरे सांगून टाकले. त्यांचा निरोप पुन्हा आला नाही. कारण आजारच होते की आणखी काही, मला माहीत नाही. बहिणीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. तिथे पहिल्याच बैठकीत आम्ही सगळे सांगितले होते.

पुढच्या रमजानात अम्मी रोजे धरायचे म्हणून हटून बसली. मौलाना साहेबांनी समजावले की आजाऱ्याला सवलत आहे, बरी झाल्यावर कजा करता येतील. तेव्हा कुठे ती मानली. उपचार दीड वर्ष चालले.

आज अम्मीच्या पाठीला थोडा बाक राहिला आहे. चार महिने आधी तपासणी केली असती तर कदाचित तोही राहिला नसता. ती खुर्चीवर बसून नमाज पढते, स्वतः चालत बाजारात जाते. परवा शेजारची सून कंबर धरून आली. मी काही बोलायच्या आत अम्मीने तिला जवळ बसवले आणि विचारले, "रात को भी दुखता क्या? शाम को बुखार आता क्या?" आणि मग आपल्या टीबीची सगळी गोष्ट दार उघडे ठेवूनच सांगितली.