धरला आणि सोडला

आमच्याकडे मासा हा मुख्यतः जेवणाचा विषय. कोणी गरी घेऊन जाऊन आला, की त्याला दोनच प्रश्न विचारले जातात. काय मिळालं? आणि हुमण करायचं की तळायचं? मिळालेला मासा परत पाण्यात सोडून यायचं, तेही लहान म्हणून नव्हे तर चांगला हातभर असताना, ही गोष्ट आमच्या गावात सांगितली तर लोक तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघतील.

गेल्या वर्षी परीक्षा आटोपून एप्रिलच्या अखेरीस मी मामाकडे गेलो. मामा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया शहरात राहतो. पुढच्या शिक्षणासाठी तिकडे अर्ज करावा की नाही, हे माझं ठरत नव्हतं. 'एकदा बघून तर ये,' असं घरचे म्हणाले. मामाने विद्यापीठ दाखवायच्या आधी मला मासे धरायला नेलं.

ऑलिम्पिया हे प्युजेट साउंड नावाच्या खाडीच्या दक्षिण टोकाला आहे. खाडी म्हटली तरी आपल्या जुवारी-मांडवीच्या मुखांसारखी नाही. समुद्राचा एक हात जमिनीत खोल घुसलेला, त्याला असंख्य बोटं फुटलेली. आपल्याकडे भरती-सुकतीत सहा-सात फुटांचा फरक पडतो, तिथे चौदा फुटांच्या आसपास. सुकतीला किनारा एवढा उघडा पडतो, की गोटे आणि कालवांची शिंपलं तुडवत पाण्यापर्यंत चालत जावं लागतं. तिथे कमरेपर्यंतचे रबरी कपडे घालून, गुडघाभर गार पाण्यात आम्ही उभे राहिलो.

ज्या माशासाठी उभे होतो, त्याचं नाव कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाल-केशरी रेघ असते, गळा चिरल्यासारखी. म्हणून ते नाव. शास्त्रीय नावातला 'क्लार्की' हा शब्द 1804 ते 1806 मध्ये खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्यापैकी विल्यम क्लार्कवरून आला. 1836 मध्ये जॉन रिचर्डसनने ते दिलं.

गरीला सुंगट नाही, गांडूळ नाही. पिसं, केस आणि चकचकीत धागा बांधून केलेलं खोटं पिल्लू, त्याला 'फ्लाय' म्हणतात. वसंतात चम जातीच्या सामनची पिल्लं ओढ्यांतून खाडीत उतरतात, बोटाच्या दोन पेरांएवढी. कटथ्रोट त्यांच्यावर टपलेला असतो. म्हणून मामाची फ्लायही तशीच, पांढरी-रुपेरी, पाठीवर थोडी हिरवी. आपल्याकडे शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे फ्लायला वजनच नाही. वजन दोरीचं. ती आधी मागे फेकायची, मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. थांबलं नाही तर सगळा गुंता पायाशी. मामाने कमरेला प्लास्टिकचं टोपलं बांधलं होतं. ओढलेली दोरी त्यात गोळा व्हायची, नाहीतर ती लाटांबरोबर पायात अडकते.

दोन तास काही नाही. मग पाणी फिरलं, भरती चढू लागली, आणि मामाच्या दोरीला झटका बसला. मासा चौदा इंचांचा असेल. अंगभर काळे ठिपके, पोट चांदीसारखं. मामाने आधी हात ओले केले. कोरड्या हाताने धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्याबाहेर न काढताच त्याने गरी सोडवली. गरीला उलटा काटा नव्हता, त्यामुळे ती सहज निघाली. मासा क्षणभर त्याच्या तळव्यावर थांबला आणि गेला.

रात्री व्हिडिओ कॉलवर आजोबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. कुठे आहे विचारलं. सोडला म्हटल्यावर म्हणाले, "मागीर धरलो कित्याक रे?"

मामाने सांगितलं, की तिथल्या खाऱ्या पाण्यात धरलेला कटथ्रोट सोडलाच पाहिजे असा कायदा आहे. हे मासे अंडी घालायला अगदी लहान ओढ्यांत जातात. एकेका ओढ्यात असून असून किती मासे असणार? त्यातून जंगलतोड झाली, रस्त्यांखालच्या नळांनी वाटा अडल्या. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, ते त्यांच्या डोक्यात आलं असणार. "म्हणजे त्यांचा श्रावण बारा महिने," असा निकाल त्यांनी दिला.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःहून बोलला. सामन आणि हा एकाच कुळातले, पण वागणं वेगळं. पॅसिफिकचा सामन दूर समुद्रात जातो, वर्षांनी आपल्या नदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. त्याचं परतणं एकदाच. कटथ्रोट दोन-तीन वर्षं ओढ्यात वाढतो, मग खाऱ्या पाण्यात उतरतो, पण सहसा किनारा सोडत नाही. काही महिने खाऊन-पिऊन परत ओढ्यात. जगला-वाचला तर पुन्हा खाली, पुन्हा वर. "आणि गंमत म्हणजे," मामा म्हणाला, "एकाच ओढ्यातले काही समुद्रात जातात, काही जन्मभर ओढ्यातच राहतात. दोघेही कटथ्रोटच."

मी काही बोललो नाही. मामा तेव्हा सहा वर्षं घरी आला नव्हता. आधी व्हिसा, मग नोकरी, मग मुलांच्या शाळा. कारणं सगळी खरी होती. आजोबा फोनवर कधी 'ये' म्हणत नाहीत. 'पाऊस कसा आहे तिकडे?' एवढंच विचारतात.

अर्ज मी केला. मन घट्ट झालं म्हणून नव्हे. जाणं म्हणजे तुटणं, हे जे मी धरून बसलो होतो, ते त्या किनाऱ्यावर थोडं सैल झालं. परत येण्याचे प्रकार एकापेक्षा जास्त असतात. कुठला आपल्या वाट्याला येतो ते काही प्रमाणात आपण ठरवतो, काही प्रमाणात वाटेतले नळ ठरवतात.

मामा त्याच वर्षी चवथीला आला, पंधरा दिवसांसाठी. गुडघ्यांमुळे आजोबा आता मानशीपर्यंत जात नाहीत. विसर्जनानंतर मामा एकटाच त्यांची जुनी गरी घेऊन गेला आणि संध्याकाळी चोणक घेऊन आला. आजोबांनी तो हातात घेऊन तोलला आणि आजीला हाक मारून सांगितलं, "हो सोडूं नाका!"