वाटेवाचून दौलतमंगळ

तळेगाव ढमढेऱ्याच्या आसपास डोंगर म्हणावा असं फारसं काही नाही. वेळ नदी, ऊस, कांदा, मधूनमधून मुरमाड माळ. चढायचं तर भीमा ओलांडून राहू बेटात, तिथून मुळा-मुठा ओलांडून यवतला जायचं. यवतच्या दक्षिणेला सपाट डोक्याची जी रांग आडवी पसरली आहे, ती भुलेश्वर रांग. सिंहगडाकडून पूर्वेला आलेली. उत्तरेचं पाणी मुळा-मुठेला, दक्षिणेचं कऱ्हेला. मल्हारगड, ढवळगड, दौलतमंगळ हे तिन्ही किल्ले तिच्याच अंगावरचे. आम्ही दौलतमंगळ धरलाय. त्यावरच्या भुलेश्वराच्या देवळापर्यंत डांबरी घाट आहे, तो सोडून उत्तरेच्या एखाद्या बिनवाटेच्या सोंडेवरून चढायचं, असा बेत.

•

पायथ्याला एका मेंढपाळाला हा बेत सांगितला.

"गाडी जाती की देवळापतूर."

म्हटलं, गाडीने जायचं नाही.

"मग हितनं वर काय हाय?"

काही नाही, असं म्हणालो. त्यावर तो बराच वेळ आमच्या बुटांकडे बघत होता.

•

उंची पायथ्यापासून अडीचशे मीटरच्या आसपास. दर रविवारी सिंहगड करणारे हसतील. पण या डोंगरांत उंचीला विचारतंय कोण? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा इथे थरावर थर असा बसलाय. टणक थर झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र, भुसभुशीत थर झिजून त्याचा उतार होतो. मधे कुठे लाल मातीचा पट्टा, त्यावरून पाय हमखास घसरतो. बहुधा सगळ्यात वरचा थर टणक निघतो, म्हणून माथा सपाट आणि माथ्याच्या लगेच खाली कातळाचा पट्टा. दोनशे मीटर नुसती दमछाक, आणि खरा प्रश्न शेवटच्या तीस मीटरांत.

•

सर्व्हे ऑफ इंडियाचा 47 जे/3 हा नकाशा. दौलतमंगळ त्याच्या पूर्वेच्या कडेशी. 2017 पासून हे पन्नास हजारी नकाशे घरबसल्या उतरवून घेता येतात, ही मोठी सोय झाली. पण त्यावरच्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या. म्हणजे पंधरा मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे आरामात लपू शकतो, आणि नकाशा खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. उपग्रहाच्या चित्रावर कडे दिसतात, पण ती चित्रं बहुतेक सकाळच्या उन्हातली. हिवाळ्यात उत्तरेची बाजू नेमकी सावलीत काळी. आम्हाला जायचंय त्याच बाजूने.

चित्रात एक गोष्ट मात्र ठळक दिसते. पाणलोटाच्या कामात खणलेले सलग समतल चर. उतारावर कुणी रेषाच मारल्यात असं वाटतं. आडवं जायला चराचा बांध उत्तम. मात्र गवत वाढलं की चर दिसत नाही आणि पाय मुरगळतो, तेव्हा बांधावरूनच चालायचं.

•

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मेंढपाळ जरा मोकळा झाला. एक गोष्ट अशी सांगितली की नकाशाचा सगळा अभ्यास तिच्यापुढे फिका: "शेरडं कुठनं बी वर जात्यात. त्यांची वाट इचारू नका. मेंढरं कुठनं जात्यात ती इचारा."

त्याचंही वेळापत्रक आहे. दिवाळी झाली की मेंढपाळांचे अनेक वाडे कोकणाकडे उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परत. जे विचारायचं ते आधीच विचारून घ्यायला हवं.

•

मुरार जगदेव. विजापूरचा सरदार. 1630 च्या सुमारास यानेच पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवल्याची आठवण पुणेकर अजून काढतात. मग मुलूख ताब्यात ठेवायला या डोंगरावर किल्ला बांधला. देऊळ त्याच्याही आधीचं, यादवकाळातलं. आज देवळाला गर्दी, आणि आपण किल्ल्यात उभे आहोत हे फार थोड्यांना ठाऊक.

पण मला मुरारपंताचा उपयोग वेगळाच आहे. जुना किल्लेदार दगड फुकट घालवत नसे. जिथे डोंगरच माणसाला अडवतो तिथे तट कशाला बांधेल? तट बांधला जातो तो माणूस चढून येऊ शकेल अशा जागी. म्हणजे खालून दुर्बिणीने बघताना तटाचे अवशेष दिसले, तर त्यांच्या खालची सोंड चढण्याजोगी असणार. कोरा कातळ दिसला तर ती सोडायची. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासाठी, म्हणजे खरं तर आपल्याविरुद्ध, पाहणी करून ठेवली आहे. ढासळत्या तटाच्या दगडांना मात्र हात लावायचा नाही. त्यातला एक सुटला तर मागचा माणूस गेला. आणि तट असाही पुरेसा ढासळलाय.

•

न्यू मेक्सिकोत एन्चँटेड मेसा नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे, सव्वाशे-दीडशे मीटरचा. आपले पूर्वज तिथे वर राहत होते आणि वादळात एकुलती वाट कोसळली, असं शेजारचे अकोमा लोक सांगत आले. 1897 मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक लिबी वर गेले आणि वस्तीची खूण नाही म्हणाले. त्याच वर्षी हॉज नावाचे दुसरे अभ्यासक गेले, त्यांना खापरं सापडली. डोंगर तोच. स्थानिकांचं कुणी किती मनावर घेतलं, एवढाच फरक असावा असा माझा संशय.

आपल्याकडे वाटा वादळाने कमी आणि सुरुंगाने जास्त गेल्या. 1818 नंतर इंग्रजांनी कितीतरी गडांच्या पायऱ्या उडवल्या.

•

वेळेचा हिशोब. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा ठोकताळा: पाच किलोमीटरला एक तास, वर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. या हिशोबाने आम्ही नाश्त्याला वर असायला हवं. नेस्मिथने कुसळ पाहिलं नव्हतं. बोरीची जाळी, घसारा, दर पन्नास पावलांवर थांबून "इकडून की तिकडून" ही चर्चा, हे धरून दुप्पट वेळ. अकरा वाजता कातळपट्टा पार झाला नसेल तर परत.

•

वर डांबरी रस्ता आहे हे वरदान, कारण उतरायचं घाटाने. ज्या जागेवरून खाली येता येणार नाही तिथे चढू नये, हा नियम सगळीकडे खरा. इथे तो थोडा सैल होतो. तीच भीती वाटते. "आता काय, वर रस्ताच आहे" असं म्हणत माणूस कुजक्या दगडाला हात घालतो. माघारीची जागा इथेही आधी बघून ठेवायची.

•

पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. माणशी चार लिटर पाणी पाठीवर. वरच्या टाक्यांवर भिस्त नको. मार्गशीर्ष-पौषातच जायचं. चैत्रात काळा दगड हाताला चटके देतो. गवत वाळलेलं, म्हणून स्टोव्ह नाही, विडी नाही. वणवा लागायला ठिणगी पुरते.

फुरसं दगडाखाली बसतं: न बघता खोबणीत हात नाही. कड्याला आग्या मोहोळ असलं तर ती सोंडच सोडायची, अत्तर-सेंट तर घरीच. बिबट्याची काळजी मला डोंगरावर कमी, इकडे शिरूर बाजूला जास्त: पहाटे उसाच्या कडेला गाडीची वाट बघत कुणीही एकटं उभं राहायचं नाही.

•

कुसळांवर उपाय म्हणून पुतण्या म्हणतो, "काका, पोटऱ्यांना पोतं गुंडाळू." हसण्यावारी नेलं, पण दुसरा चांगला उपाय मला सुचलेला नाही.

•

दोर न्यायचा का, यावर घरात दोन मतं. पुतण्याचं म्हणणं, असावा. माझं म्हणणं, दोर जवळ असला की नको त्या कड्याकडे नजर जाते. शेवटी ठरलं: दोर माझ्या पिशवीत, आणि तो निघेल तो फक्त कुणाला खाली उतरवायला. पुतण्याने मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्यावर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून गच्चीवर गाठींचा सराव आजपासूनच.