काका, समोर बघा!

मी मराठीचा प्राध्यापक आहे आणि पुण्यात राहतो. या दोन्ही गोष्टींत लाजण्यासारखं काही नाही. पण पुण्यात राहूनही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला दुचाकी चालवता येत नव्हती, हे मात्र मी चारचौघांत सांगत नसे. सतरा वर्षं आमच्या सौभाग्यवतींच्या स्कूटरवर मागे बसून मी कॉलेजच्या फाटकाशी उतरत आलो. भाजीची पिशवी आणि मी अशा दोन वस्तू ती रोज सांभाळून नेई. त्यांतली पिशवी कमी कुरकुर करी.

नुकतीच बारावी झालेल्या आमच्या कन्येने एके रात्री जेवताना मोटारसायकलचा विषय काढला. साधी स्कूटर नव्हे, चांगली गिअरची मोटारसायकल!

"मुळीच नाही," मी म्हणालो.

"का पण?"

"धोक्याची असते."

"तुम्ही कधी चालवली आहे का, बाबा?"

मी आमटी भुरकण्यात लक्ष घातलं. सौभाग्यवती भात वाढता वाढता काही बोलल्या नाहीत. पण मला भात जरा जास्तच वाढला गेला.

खरं कारण मी घरात कधी सांगितलं नव्हतं. २०२२ साली माझ्या वर्गात हजेरीच्या सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे, कविता चालू असताना खिडकीबाहेर बघे, पण वहीतलं अक्षर मोत्यासारखं. एका सोमवारी मी नेहमीच्या लयीत क्रमांक घेत चाललो होतो. "सत्तेचाळीस" म्हटलं. उत्तर नाही. मी पुन्हा, जरा चढ्या आवाजात म्हटलं. तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि रडू लागली. शनिवारी रात्री तो मोटारसायकलवरून पडला होता. हेल्मेट त्याच्याजवळ होतं. कोपरात अडकवलेलं. पोलीस दिसला की डोक्यावर घालायचं, असा बेत. उरलेलं वर्षभर मी सेहेचाळीसनंतर क्षणभर थांबून अठ्ठेचाळीस म्हणत असे. वर्गातलं कुणी त्या थांबण्याला कधी हसलं नाही.

मुलीला "नाही" म्हणणं सोपं होतं. पण ती उद्या मैत्रिणीची गाडी घेऊन चालवील, आणि मला सांगणारही नाही, हे मला ठाऊक होतं. दोन रात्री विचार केला आणि शिकाऊ परवाना काढून सुरक्षित वाहनचालनाच्या एका वर्गात मीच नाव घातलं. दोन रविवार, एक मोकळं मैदान, अकरा विद्यार्थी. त्यांतल्या दहा जणांची वयं मिळवून सरासरी काढली असती, तर ती माझ्या निम्मी भरली असती. मला आयुष्यभर "सर" ऐकायची सवय. शिकवणारा तरुण पहिल्याच मिनिटाला म्हणाला, "काका, तुम्ही पुढे या." मी निमूट पुढे गेलो.

पहिला तासभर गाडी सुरूच केली नाही. नुसतं हेल्मेट. डोक्यावर घालून मान इकडेतिकडे वळवायची. हेल्मेट डोक्याबरोबर वळलं पाहिजे, आपल्यापुरतं फिरता कामा नये. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा. "पट्टा लावला नाही तर पडताना हेल्मेट आधी निघून जातं, डोकं मागं राहतं," तो म्हणाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमातही हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं म्हटलं आहे. मी मात्र ते कलम ऐकत असताना एक कोपर पाहत होतो.

मग ब्रेक. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. इथे उलटंच निघालं. ब्रेक लागला की सारा भार पुढे येतो, म्हणून पुढचं चाकच रस्त्याला अधिक घट्ट धरतं आणि गाडी मुख्यतः तेच थांबवतं. फक्त तो ब्रेक झटक्याने न आवळता, लिंबू पिळावं तसा हळूहळू वाढवत दाबायचा, मागचा ब्रेक जोडीला घ्यायचा, आणि तेही गाडी सरळ असताना. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं, हे त्याने मैदानावर खडूने आखून दाखवलं. गणितात मी कच्चा. पण त्या दोन रेघांमधलं अंतर पाहून पोटात गोळा आला.

सगळ्यांत अवघड गेला तो इंग्रजी आठचा आकडा. अर्धवट क्लचवर, पाय न टेकता गाडी फिरवायची. मी चाकाकडे बघे आणि गाडी हटकून मधल्या शंकूवर जाई. "काका, समोर बघा! ज्याच्याकडे बघाल तिथेच गाडी जाणार. जायचं आहे तिकडे बघा!" चौथ्या फेरीत मी गाडीसकट आडवा झालो. गुडघा सोलवटला. दहा मुलं धावत आली आणि माझ्याआधी गाडी उचलली. नवव्या फेरीत आठ पुरा झाला. विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी घरी आलो. कन्येने गुडघा पाहिला, बाटलीतलं औषध आणलं आणि काही विचारलं नाही. औषध झोंबलं तसं मीच बोलू लागलो. सत्तेचाळीस क्रमांकाची हकिगत तिला पहिल्यांदाच सांगितली. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

पुढच्या तुकडीत तिचं नाव घातलं. पहिल्या रविवारी तिला मैदानावर सोडायला गेलो. तिने हेल्मेट चढवलं, मान फिरवून पाहिली. मी पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली.

"खटका नीट लागला ना?"

"बाबा, तिसऱ्यांदा विचारताय!"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाशी तो तरुण हजेरी घेत होता. तिचं नाव आलं. "हजर!" ती इतक्या मोठ्याने ओरडली, की मी कुंपणाबाहेर उभा असूनही मला ते स्वच्छ ऐकू आलं.