सिन्नरच्या माळावर एक तार

पुण्याहून नाशिकला निघालात की संगमनेरच्या पुढे आमचं सिन्नर लागतं. पाहुणे इथलं यादवकाळातलं गोंदेश्वर मंदिर बघतात आणि पुढे जातात. आज मात्र आपण गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर जायचं. तिथून थेट परदेशाशी बोलायचं, तेही बिनतारी!

त्यासाठी सोबत एक हॅम हवा. हॅम म्हणजे हौसेखातर बिनतारी यंत्र चालवणारा माणूस. केंद्र सरकारची परीक्षा देऊन त्याला परवाना मिळवावा लागतो. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की तुम्हीसुद्धा ही परीक्षा देऊ शकता, बरं का!

जगभरातल्या हॅम मंडळींची एक मोठी स्पर्धा ऑक्टोबरच्या अखेरीस असते. तिचं नाव 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. आपल्याकडच्या घड्याळात ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत जास्तीत जास्त देशांतल्या हॅमना गाठायचं. स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. आपला विभाग २२.

आता अँटेना. ती विकतचीच हवी असं कोण म्हणतं? १४.२ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येसाठी १४३ ला १४.२ ने भागा. उत्तर आलं सुमारे १०. म्हणजे तार हवी १० मीटर. तिचे मधोमध दोन सारखे भाग करायचे, ५-५ मीटरचे, आणि तिथून केबल खाली यंत्राकडे आणायची. टोकांना ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे बांधायचे, म्हणजे तारेतली वीज दोरीत आणि झाडात उतरत नाही. सिन्नर तालुका कोरडा, त्यामुळे ठिबकच्या नळ्यांना इथे तोटा नाही! तार सुरुवातीला वीतभर लांबच ठेवा आणि मीटर बघत थोडी थोडी कापा. कापणं सोपं, जोडणं अवघड.

दोरीच्या टोकाला छोटा दगड बांधून ती कडुनिंबाच्या उंच फांदीवरून टाकायची आणि तार वर ओढायची. पण कोणत्या दिशेला? गंमत अशी, की आडवी ताणलेली तार आपल्या टोकांच्या दिशेने कमी बोलते आणि दोन्ही कुशींना जास्त. ती ईशान्य-नैर्ऋत्य ताणली, तर एका कुशीला वायव्येकडे युरोप येतो आणि दुसऱ्या कुशीला आग्नेयेकडे ऑस्ट्रेलिया! मग दिशा बदलून बघा. कुठला देश स्पष्ट ऐकू येतो, कुठला पुसट होतो, ते वेळेसकट वहीत लिहा. हाच खरा प्रयोग.

असे जुगाड थोरांनीही केले आहेत. डिसेंबर १९०१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मार्कोनीने चक्क पतंगाने तार उंच चढवली होती. अटलांटिकपलीकडून आलेला संदेश त्या तारेवर ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. येवल्याच्या पतंगबाजांनो, तुम्ही मात्र ही नक्कल करू नका! पतंगाची तार विजेच्या तारेला लागली तर जीव जातो. आपली अँटेनाही विजेच्या तारांपासून खूप दूर हवी. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा गडगडाट ऐकू आला, की काम लगेच बंद.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप एका स्पर्धेसाठी? डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती हॅम रेडिओ घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरच्या हॅमशी बोलायचं, एवढाच बेत होता. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले. तेव्हा याच मंडळींनी बेटांवरच्या माणसांची खुशाली बिनतारी यंत्रावरून मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचवली. संकटात नवी अँटेना मागवायला दुकान उघडं नसतं. हाताशी असेल त्या तारेने काम भागवावं लागतं, आणि ते हातांना आधीपासून ठाऊक असावं लागतं. माळावरची स्पर्धा ही त्याचीच तालीम.

तर मग, ७.१ मेगाहर्ट्झसाठी तार किती मीटर लागेल? घ्या बरं कागद-पेन्सिल!