आत्याची टिचबटणं

नव्या चपला चावल्या की टाचेला फोड येतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. घासण्यानं त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटीत पाणी साठतं. पण काही न घासता, न भाजता असे फोड अंगभर आले तर?

माझ्या आत्याला आले. साल १९८७. आधी तिचं तोंड आलं, आमटीसुद्धा झोंबायची. मग पाठीवर, पोटावर फोड. जरा धक्का लागला की फुटायचे. शेजारी कुजबुजू लागले, "लागण होते म्हणे!" तिचा तांब्या वेगळा झाला. खरं सांगतो, मीसुद्धा पाण्याचा पेला तिच्या हातात न देता खिडकीत ठेवून पळायचो.

रोगाचं नाव होतं पेम्फिगस. तो काय असतो हे मला फार पुढे कळलं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी नुसत्या एकीला एक टेकून बसलेल्या नसतात, बरं का! प्रत्येक पेशी शेजारणीला पुष्कळ ठिकाणी जोडलेली असते, झबल्याला टिचबटणं असावीत तशी. या बटणांना डेस्मोसोम म्हणतात. ती ज्या प्रथिनांची बनतात त्यांतलं एक डेस्मोग्लीन. आपलं शरीर रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. पेम्फिगसमध्ये ती चुकून या डेस्मोग्लीनवरच जाऊन बसतात. बटणं निघतात, पेशी सुट्या होतात, मधे पाणी भरतं. मुळात जंतूच नाही, तर दुसऱ्याला लागणार काय? उलट उघड्या जखमांमुळे आमचेच जंतू आत्याला बाधण्याची भीती होती!

दवाखान्यात तिला केळीच्या पानांवर निजवत. चादर ओल्या जखमांना चिकटते, उठताना सालटी निघतात. पान चिकटत नाही. परसातली पानं कापून नेण्याचं काम माझ्याकडे आलं. फाटलेलं पान डॉक्टरीणबाई परत पाठवीत.

स्टिरॉइड औषधं येण्यापूर्वी या रोगाचे बहुतेक रुग्ण दगावत. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८० च्या दशकात नवी पद्धत सुरू केली: दर २८ दिवसांनी, सलग तीन दिवस, स्टिरॉइड घातलेलं सलाईन. आत्याला तेच मिळालं. फोड थांबले, पण तोंड बरं व्हायला फार वेळ लागला.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत तिनं भाकरीवर चक्क ठेचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, ठेच्यानंच! मग तिनं मला हाक मारली, आणि मी तिच्या ताटात जेवलो.