आधी पाय बघ

कोंबडीचं पोट तिच्या पायांवर चालतं. पंख असतात, पण ते भिंतीवर नाहीतर झाडाच्या खालच्या फांदीवर चढण्यापुरते. उकिरडा उकरणं, किडा टिपणं, कुत्रं आलं की पळणं, पिल्लांना घेऊन दिवसभर हिंडणं, सगळं पायांचं काम. म्हणून परसातली कोंबडी खाली बसली आणि उठेचना, की आमच्याकडे 'पाय गेले' म्हणतात आणि बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी तिचं कालवण होतं. त्या घाईबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्यातल्या कितीतरी कोंबड्या बऱ्या होण्यासारख्या असतात.

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना रस्त्यावर कुंभारी लागतं. तिथल्या गावठाणात माझं लहानपण गेलं. आजीच्या कोंबड्या होत्या आणि अंड्यांचा पैसा तिचा स्वतःचा होता. त्याचा हिशेब ती कुणाला देत नसे. कोंबडी लंगडली की आजी तिला उचलून मांडीवर उताणी धरायची आणि मला म्हणायची, "आधी पाय बघ, मग औषध." तळवा बघायचा, बोटं एकेक सुटी करायची, नळी दाबून बघायची, मग पोटाखाली हात घालायचा.

गल्लीत घरोघरी विड्या वळल्या जायच्या. तेंदूच्या पानाचे कातरे आणि विडी बांधायचा बारीक दोरा अंगणभर पडलेला असे. तो दोरा कोंबडीच्या बोटांत अडकतो, चालेल तसा आवळत जातो आणि मांसात रुततो. वरून बघणाऱ्याला वाटतं वारं गेलं. आजी पाय कोमट पाण्यात भिजवून कात्रीच्या टोकानं तो दोरा काढायची आणि कोंबडी पुन्हा चालायला लागायची. तळव्यावर काळी खपली धरलेली गाठ असली, तर काटा किंवा खडा लागून आत पू झालेला असायचा. मग मिठाच्या कोमट पाण्याचा शेक, हळद आणि कोरडी जागा. कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहात असेल, कुंथत असेल, तर अंडं अडकलेलं. अडकलेलं अंडं आतल्या नसांवर दाब देतं आणि पाय लुळे पडतात. अशा कोंबडीला आजी कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून ठेवायची. नुकत्या निघालेल्या पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकत, तेव्हा दोष गुळगुळीत शहाबादी फरशीचा असे. आजी खाली गोणपाट अंथरायची आणि दोन्ही पाय मऊ चिंधीनं सैलसर जोडून ठेवायची.

गावात डाग देणारेही होते. तापलेली सुई लंगड्या पायाला लावली की नस मोकळी होते, असं सांगत. आजीनं आपल्या कोंबडीला तो कधी लावू दिला नाही. आजही कुठे असा डागलेला पाय दिसला की मला संताप येतो. आधीच दुखणाऱ्या पायाला भाजून कुणाचं काय बरं होणार?

2006 मध्ये कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार वसाहत उभी राहिली. दहा हजार घरं. माझी मावशी तिथं राहायला गेली. पक्कं घर, स्वतःच्या नावाचं; तिच्या डोळ्यांतलं पाणी मला अजून आठवतं. कोंबड्याही बरोबर आल्या, पण जुना उकिरडा नव्हता. शेजाऱ्यांची कुरकुर नको म्हणून मावशीनं त्यांना पत्र्याच्या खुराड्यात कोंडलं आणि रेशनच्या तांदळाचा उरलेला भात घालायला लागली. काही दिवसांनी वाढीची पिल्लं ढोपरांवर बसून सरकू लागली, बोटं आत मुठीसारखी वळलेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटं बघूनच सांगितलं, ब-2 जीवनसत्त्व कमी पडलंय. हिरवा पाला, किडे, शेणातलं काहीबाही, जे उकरून मिळत होतं ते बंद झालं आणि नुसता पांढरा भात राहिला. त्यांनी पाण्यातून ब जीवनसत्त्वाचं औषध दिलं, भाताऐवजी भरडा, मोड आलेलं धान्य आणि पाला घालायला सांगितला. लवकर हाती लागलेली पिल्लं उभी राहिली. ज्यांची बोटं फार दिवस वळलेली होती, त्यांची तशीच राहिली, कारण नस एकदा खराब झाली की औषधाचा उपयोग उरत नाही.

पुढे कॉलेजात क्रिस्तियान आयक्मन या डच डॉक्टरविषयी वाचलं तेव्हा मला मावशीचं खुराडंच दिसलं. 1889 च्या सुमाराला जावा बेटावरच्या बटाव्हियात तो बेरीबेरी या माणसांच्या आजाराचा जंतू शोधत होता. प्रयोगशाळेच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले आणि काही महिन्यांनी आपोआप बरे झाले. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला; लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना घालायला त्यानं नकार दिला आणि कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या साध्या तांदळावर आल्या. त्या कोंड्यात जे होतं त्याला आज आपण ब-1 म्हणतो. आयक्मनला 1929 मध्ये नोबेल मिळालं. माणसाच्या एवढ्या मोठ्या आजाराचा धागा कोंबडीच्या पायाशी सापडला, कारण 'पाय गेले' म्हणून त्यानं त्या टाकून दिल्या नाहीत, त्या काय खात होत्या ते विचारलं.

अंडी देणारी कोंबडी बसली तर चुन्याचा विचार करावा लागतो. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात. खाण्यातून चुना मिळाला नाही तर ती तो स्वतःच्या हाडांतून काढते. कुटलेले शिंपले किंवा भाजून बारीक केलेली अंड्याची टरफलं आणि सकाळचं ऊन, एवढं तरी तिला मिळायलाच हवं.

आमच्या कोरड्या, तापट मुलखात एक कारण रात्री येतं. कोंबडीची गोचीड दिवसा खुराड्याच्या भेगांत, फळ्यांच्या सांध्यांत लपते आणि अंधार पडला की रक्त प्यायला बाहेर येते. तिच्या चावण्यातून एक जंतू रक्तात जातो. कोंबडीला ताप भरतो, हिरवी हगवण लागते, पाय-पंख गळतात. पेनिसिलिनसारख्या औषधानं हा आजार बरा होतो, पण दिवसा बघणाऱ्याला गोचीड दिसतच नाही. रात्री बॅटरी घेऊन भेगा बघाव्या लागतात आणि त्या बुजवाव्या लागतात.

काही पाय मात्र परत येत नाहीत. एक तंगडी पुढे, एक मागे अशी पडलेली तरुण तलंग बहुधा मरेक रोगाची. बुडापेस्टच्या योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये हा रोग पहिल्यांदा नोंदवला. त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू निघाल्या दिवशी द्यायची असते, आणि खुडूक कोंबडीखाली निघालेल्या आमच्या पिल्लांना ती कोण देणार? मानमोडीत पायांबरोबर मानही वळते आणि पाठोपाठ शेजारच्या कोंबड्या मरू लागतात. 1927 मध्ये भारतात हा रोग राणीखेतला दिसला, म्हणून त्याला राणीखेतही म्हणतात. उपचार नाही, पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला टोचणी, एवढाच उपाय.

दुकानात जाऊन 'कोंबडी बसलीय' म्हटलं की एकच पिवळी पूड हातात पडते. दोऱ्यावर, चुन्यावर, मरेकवर ती काय करणार? बसलेली कोंबडी आधी वेगळी ठेवावी, गोणपाटावर, सावलीत, पाणी तिच्या चोचीजवळ. आजीसारखं सगळं बघावं आणि जे दिसलं ते डॉक्टरांना सांगावं. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक फोन करायला फुकट आहे. एकदम अनेक कोंबड्या मेल्या तर कापू नका, विकू नका, दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची शंका असली तर तपासणी तिथूनच होते.

आणि गोदूताई व रे नगर या वसाहतींतल्या, गावठाणातल्या बायांना एक विनंती. मानमोडीच्या लशीची एक कुपी निदान शंभरेक कोंबड्यांची असते आणि फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून चार कोंबड्यांसाठी ती कुणी फोडत नाही. गल्लीतल्या दहा-वीस घरांनी एक दिवस ठरवा, सगळ्यांच्या कोंबड्या मोजून दवाखान्यात नावं द्या आणि त्या दिवशी सकाळी खुराडी उघडू नका.